काहीच नही व्हयनं

धुळ्यात देवपूर भागातल्या ज्या अभ्यासिकेत मी आठवड्यातून दोन संध्याकाळी समुपदेशनासाठी बसते, तिच्या मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. दोन खुर्च्या, एक टेबल, पंखा, पाण्याचा माठ आणि दाराला आतून लागणारी कडी एवढेच तिथले सामान. खोली देताना आणखी काय लागेल असे अभ्यासिका चालवणाऱ्यांनी विचारले, तेव्हा मी फक्त कडी मागितली होती. बाहेर साठ-सत्तर मुले माना खाली घालून वाचत असतात, आणि आपला आवाज त्यांच्यापर्यंत जाणार नाही, मध्येच कोणी दार ढकलणार नाही, याची खात्री वाटल्याशिवाय आत आलेला मुलगा तासभर बसूनही खरे काही बोलत नाही.

एका जूनमध्ये, पेरणीच्या दिवसांत, तिशी ओलांडलेला एक मुलगा त्या खोलीत येऊन बसला. मुलगा म्हणते खरी. परीक्षा देत असलेल्या माणसाला आपल्याकडे पस्तिशीपर्यंत मुलगाच म्हणतात, आणि त्याच्या दुःखाचा थोडा भाग या म्हणण्यातही आहे. पुण्यात सहा वर्षे राहून, राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत तीनदा आणि मुलाखतीपर्यंत एकदा जाऊन, तो शिंदखेडा तालुक्यातल्या आपल्या गावी परतला होता. काय झाले असे मी विचारले, तेव्हा त्याने चांगल्या प्रमाण मराठीत उत्तर दिले, की विशेष काही नाही, झोप थोडी कमी झाली आहे. मग बराच वेळ तो गप्प राहिला आणि मीही गप्प राहिले. माझे माहेर बोरी नदीकाठचे असल्याने अहिराणी माझ्या जिभेवर आहे. थोड्या वेळाने मी पुन्हा तोच प्रश्न घरच्या बोलीत विचारला, "काय व्हयनं रे भाऊ?" त्याने मान वर केली, म्हणाला, "काहीच नही व्हयनं, मॅडम," आणि त्याचे डोळे भरून आले.

त्याच्या परवानगीने आणि त्याची ओळख पटणार नाही असे तपशील बदलून मी हे लिहीत आहे. खाली ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्या इतरांच्या बाबतीतही हीच काळजी घेतली आहे.

त्याचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही, कारण मानसशास्त्र शिकवताना जी गोष्ट मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते, ती त्याने तीन शब्दांत सांगितली होती. अमेरिकेतल्या समुपदेशन मानसशास्त्राच्या अभ्यासक नॅन्सी श्लॉसबर्ग यांनी १९८१ मध्ये माणसाच्या आयुष्यातल्या स्थित्यंतरांविषयी एक मांडणी केली. काही बदल आपण धरून चाललेले असतात, जसे शिक्षण संपणे, लग्न होणे, नोकरीसाठी गाव सोडणे. काही अचानक कोसळतात, जसे अपघात किंवा वडिलांचा अकाली मृत्यू. त्यांच्या विचारातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग पुढचा आहे. ज्या गोष्टीची माणसाने मनापासून वाट पाहिली, जी घडणे त्याला आणि त्याच्या घरच्यांना स्वाभाविक वाटत होते, ती जर घडलीच नाही, तर तेही एक स्थित्यंतरच असते. माणसाची स्वतःविषयीची समजूत, त्याची नाती, त्याचा दिनक्रम हे सारे त्या न घडण्यानेही बदलून जाते. फरक एवढाच, की बाहेरून पाहणाऱ्याला काहीच झालेले दिसत नाही.

खानदेशातल्या तरुण मुलामुलींशी बोलताना मला सर्वाधिक वेळा हेच तिसऱ्या प्रकारचे स्थित्यंतर भेटते. नोकरी गेली म्हणून येणारे थोडे. नोकरी आलीच नाही म्हणून येणारे पुष्कळ. लग्नानंतरच्या अडचणी घेऊन मुली येतात, पण लग्न ठरतच नाही म्हणून आतून खचलेली, शेती सांभाळणारी, चांगली कर्ती मुले आता त्यांच्याइतकीच येऊ लागली आहेत. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले सगळ्यांनी पाहिली आहेत. सोळाशे मीटरसाठी लागणारी मिनिटे आणि सेकंद त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्यातले जे दोन-तीन भरत्यांनंतर वय उलटून गेल्यामुळे एक दिवस धावणे थांबवतात, ते त्या दिवशी पहाटे जागे होऊन काय करत असतील, याचा विचार मी त्यांच्यापैकी एकजण समोर येऊन बसेपर्यंत केलेला नव्हता. तो म्हणाला होता, की चार वाजता जाग येतेच, मग तो अंगणात बसून बाकीच्यांच्या पावलांचा आवाज ऐकतो.

आपल्या समाजाने घडलेल्या गोष्टींसाठी फार विचारपूर्वक व्यवस्था केलेली आहे, असे मला वाटते. जन्म झाला तर पाचवी आहे, लग्नाला हळद आहे, माणूस गेला तर दहावा आणि तेरावा आहे, आणि त्या प्रत्येक वेळी भाऊबंद जमतात, स्वयंपाक होतो, कोणी रडते, कोणी जवळ बसून राहते. सासरी गेलेल्या लेकी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि झोक्यावरच्या गाण्यांत सासरचे जे काही मनात साठलेले असते ते मोकळे होते. समुपदेशन हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी पिढ्या आधी ते काम त्या झोक्यांनी केले, असे मी वर्गात नेहमी सांगत असे आणि अजूनही मानते. मात्र पाचव्या प्रयत्नात यादीत नाव नाही म्हणून कोणाच्या घरी चूल बंद राहत नाही आणि शेजारची माणसे भाकरी घेऊन येत नाहीत. आलीच, तर विचारायला येतात.

त्या मुलाने सांगितले, की पुण्यात असताना तो चार वर्षे कानबाई देवीच्या सणाला गावी गेला नव्हता. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्री जागरण होते, सोमवारी तिचे विसर्जन होते, आणि त्यासाठी सुरतेला, नाशकाला, मुंबईला गेलेले भाऊबंदसुद्धा रोटांना घरी येतात. रोट म्हणजे कानबाईचा नैवेद्य. ते घरच्यांनीच खायचे असतात, म्हणून कोणी आले नाही तर ती जागा सगळ्यांना दिसते. तो गेला नाही, कारण तिथे प्रत्येक चुलता त्याला एकच विचारणार होता, "मंग, साहेब कव्हय व्हशी?" विचारणाऱ्यांच्या मनात माया होती, हे त्यालाही ठाऊक होते. आईला तो फोनवर सांगे, की टेस्ट सिरीज आहे.

सुरुवातीच्या भेटींत आम्ही एक गोष्ट केली. त्याचे नेमके काय हुकले हे त्याने मोठ्याने सांगायचे आणि मी कागदावर लिहायचे. त्याला आधी वाटले, की यात सांगण्यासारखे काय आहे, नोकरी हुकली. पण सांगता सांगता कागद भरत गेला. सरकारी गाडीतून गावात येण्याचे चित्र हुकले होते. वडिलांनी गहाण ठेवलेले दोन एकर सोडवून आणण्याचा दिवस हुकला होता. ज्या मुलीशी बोलणी पुढे गेली होती, तिचे घर निकालानंतर गप्प झाले होते. सगळ्यात शेवटी, बऱ्याच वेळाने, तो म्हणाला, की त्याच्या आईने एक नवे लुगडे त्याच्या सत्काराच्या दिवशी नेसण्यासाठी म्हणून पेटीत ठेवले आहे आणि ते अजून तिथेच आहे. त्या दिवशी आम्ही पुढे काही बोललो नाही. तो रडला, मी बसून राहिले, आणि पाऊण तासाची भेट सव्वा तासाची झाली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, की असे उकरून काढल्याने दुःख वाढते. माझा अनुभव असा आहे, की नाव नसलेले दुःख अंगात शिरते. आमच्याकडे येणारी मुले नैराश्य हा शब्द क्वचितच वापरतात. डोके जड झाले आहे, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, जेवण गोड लागत नाही, जीव घाबरतो, असे ती सांगतात आणि कितीतरी जण माझ्याकडे येण्याआधी पोटाच्या नाहीतर हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन, तपासण्या करून आलेले असतात. आपण काय गमावले आहे हे एकदा आपल्या तोंडून, आपल्या बोलीत बाहेर पडले, की त्याला दुःख म्हणण्याचा हक्क मिळतो. या मुलाने सहा वर्षे स्वतःला हा हक्क दिलेला नव्हता, कारण त्याच्या मते कोणी मेले नव्हते, कोणी आजारी नव्हते, आणि बाप उन्हात कापसाच्या सरीत उभा असताना आपण दुःखी असणे हीच त्याला लाजेची गोष्ट वाटत होती.

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये लिहिले होते, की समोरच्या माणसात बदल घडण्यासाठी समुपदेशकाकडून तीन गोष्टी आवश्यक असतात: त्याच्या जागी जाऊन समजून घेणे, स्वतः खरे असणे आणि कोणतीही अट न घालता त्याचा स्वीकार करणे. यातला तिसरा भाग मला आपल्या मुलांसाठी फार महत्त्वाचा वाटतो. पहिलीपासून गुणपत्रिकेवर जोखल्या गेलेल्या आणि पुढे कटऑफवर जोखल्या गेलेल्या मुलासमोर असा एक तरी माणूस बसलेला असावा, ज्याला त्याचे गुण ठाऊक असूनही त्याच्या बसण्याबोलण्यात त्यामुळे काही फरक पडत नाही. हे वाचायला सोपे आहे, पण मला स्वतःला ते जमायला बरीच वर्षे लागली. त्याविषयी पुढे लिहिते.

दुसरी आठवण एका मुलीची आहे. ती रावेर तालुक्यातली, केळीच्या पट्ट्यातली. बारावीला तिला चांगले गुण होते आणि पुण्याच्या एका महाविद्यालयात शिकण्याचे घरी ठरले होते. खोली पाहून झाली होती, पेटी भरायला घेतली होती. जूनच्या सुरुवातीला वादळ आले आणि एका संध्याकाळी कापणीला आलेली बाग आडवी झाली. त्या भागात अशी वादळे नवी नाहीत, आणि वादळानंतर काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. तलाठी आले, कृषी सहायक आले, खोडे मोजली गेली, पंचनामा झाला. तिचा पुण्याचा प्रवेश त्या पंचनाम्यात कुठेच नव्हता. घरात कोणी तिला स्पष्टपणे नाही म्हटलेसुद्धा नाही. विषय निघेनासा झाला, एवढेच. तिने तालुक्याच्या ठिकाणी प्रवेश घेतला, रोज एसटीने जाऊ-येऊ लागली, आणि वर्षभराने तिची आत्या तिला माझ्याकडे घेऊन आली, कारण तिचे केस गळत होते आणि ती कोणाशी बोलत नव्हती.

श्लॉसबर्ग यांनी पुढे न घडलेल्या घटनांचेही प्रकार सांगितले. एखादी गोष्ट माणसाच्या स्वतःच्या बाबतीत हुकते; एखादी जवळच्या माणसाच्या बाबतीत हुकते आणि तिचा तरंग आपल्यापर्यंत येतो; एखादी नुसती लांबते; आणि एखादी दुसऱ्याच घटनेच्या परिणामी हातची जाते. या मुलीचे दुःख शेवटच्या प्रकारातले होते. अशा माणसाची विशेष अडचण ही असते, की त्याला रागावायला कोणी सापडत नाही. वडिलांवर ती रागावू शकत नव्हती, कारण ते तिच्याहून अधिक मोडले होते, आणि वादळावर कोण रागावणार? मग तो राग आत वळला. आमचे बहुतेक बोलणे त्या रागाविषयी झाले. वडिलांवर माया असणे आणि त्यांनी आपल्याशी एकदा तरी स्पष्ट बोलायला हवे होते असे वाटणे, या दोन्ही गोष्टी एका मनात एकाच वेळी राहू शकतात, हे तिला पटायला तीन महिने लागले. पुढे तिने वडिलांना ते सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तिला मोटारसायकलवरून एसटी थांब्यापर्यंत स्वतः सोडायला गेले, आणि नंतरही जात राहिले. पुण्याला ती गेली नाही. पदवी तिने तिथेच पूर्ण केली.

त्या तरंगाविषयी थोडे लिहायला हवे, कारण आईवडिलांचा विचार केल्याशिवाय आपल्याकडच्या तरुणांचे समुपदेशन अर्धेच राहते. पुण्याहून परतलेल्या त्या मुलाचे वडील एकदा बाजार समितीत आले असताना मुलाला न सांगता मला भेटायला आले. मुलाने काय सांगितले हे मी त्यांना सांगू शकत नव्हते, त्यांना तसे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ताई, त्याचं नका सांगू. माझंच सांगायला आलो." गावात त्यांना सहा वर्षे सगळे साहेबांचे वडील म्हणत होते. आता कोणी तसे म्हणत नाही, आणि पूर्वीच्या नावानेही हाक मारायला लोकांना अवघड वाटते. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही याचा त्यांना राग येत नव्हता. भीती वाटत होती. ही भीती मुलाला दाखवली तर तो आणखी खचेल म्हणून ते त्याच्यासमोर कापसाच्या भावाविषयी बोलत राहत, आणि मुलगा त्याचा अर्थ असा घेई, की बापाला आता आपल्यापेक्षा कापसाची काळजी आहे. एकाच ओट्यावर बसलेली दोन माणसे एकमेकांना जपण्यासाठी गप्प होती. तिघांनी एकत्र बसण्याची वेळ त्यानंतर दोन महिन्यांनी आली, आणि ती मुलाने मागितली म्हणून आली.

आता माझ्या चुकीविषयी. माझा धाकटा भाऊ २००९ मध्ये डी.एड. झाला. त्या काळी खानदेशात डी.एड.ला प्रवेश मिळणे म्हणजे नोकरीच मिळाल्यासारखे मानले जाई, आणि आमच्या घरी पेढे वाटले होते. त्यानंतर शिक्षकांची भरती रखडली ती वर्षानुवर्षे रखडली. २०१३ मध्ये टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पहिल्यांदा झाली, ती तो पुढच्या खेपेला उत्तीर्ण झाला आणि तरीही जागा निघण्याची वाट पाहत राहिला. मी तेव्हा महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होते. दर दिवाळीला आणि दर अखाजीला मी त्याला म्हणत असे, "होईल रे, धीर धर, यंदा भरती निघेल." नऊ वर्षे मी हेच म्हटले. त्याला आधार द्यावा असेच माझ्या मनात होते. पण लांबलेली गोष्ट आणि कधीच न होणारी गोष्ट यांतला फरक बाहेरून ठरवता येत नाही, आणि मी माझ्या धीराच्या शब्दांनी त्याला तो फरक आतून ठरवण्याचीही मोकळीक दिली नाही. मी होईल म्हणाले, की त्याला नाही झाले तर काय, हे बोलायला जागाच उरत नसे. त्याने बोलू नये अशी माझीच इच्छा असावी, असे आता वाटते. त्याचे दुःख ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

म्हणून आज कोणी मुलगा मला विचारतो, की मॅडम, आणखी एक प्रयत्न करू का सोडून देऊ, तेव्हा मी उत्तर देत नाही, आणि ते उत्तर टाळण्यासाठी केलेले नसते. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गाला ४३ वर्षांची वयोमर्यादा असल्याने राज्यसेवेची आशा कागदावर फार उशिरापर्यंत जिवंत राहते, आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे जुन्या तयारीतला बराच भाग नव्याने उभा करावा लागतो. हे हिशेब मुलाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असतात. मी त्याच्यासोबत एवढेच करते, की पुढची तारीख त्याने स्वतः ठरवावी, ती कागदावर लिहावी, आणि त्या तारखेनंतर काय याचाही एक परिच्छेद त्याच दिवशी लिहावा. तो परिच्छेद लिहिताना पुष्कळांचा हात थांबतो. तिथे मग परिस्थिती काय आहे, स्वतःचे बळ कशात आहे, आधाराला कोण आहे आणि करता येण्यासारखे काय आहे, या श्लॉसबर्ग यांच्याच चार प्रश्नांनी आम्ही पुढे जातो. आधाराला कोण, या प्रश्नाखाली बहुतेक मुले आधी कोणीच नाही असे लिहितात, आणि तासाभराने तिथे खोलीतला जुना सोबती, मामा, गावातले एखादे गुरुजी, अशी चार-पाच नावे आलेली असतात.

सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून आश्रमशाळेत शिकून शहरात आलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र माझे हात तोकडे पडतात. मला त्यांची पावरी बोली येत नाही. मराठीत ती मुले सभ्यपणे उत्तरे देतात आणि मनातले मनातच ठेवतात. त्यांच्यातलीच शिकलेली मुले या कामात यावीत असे मला फार तळमळीने वाटते, आणि दोन मुलींना मी समाजकार्याच्या अभ्यासाकडे वळवू शकले याचे समाधान आहे.

समुपदेशन कुठे पुरत नाही, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. झोप, भूक, कामात मन लागणे आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटणे, हे सगळे सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिले, तर मनोविकारतज्ज्ञांकडे गेलेच पाहिजे. मनाचा डॉक्टर म्हटले, की आपल्याकडे अजून लोकांना येरवड्याचे आणि ठाण्याचे मनोरुग्णालय आठवते, पण त्यासाठी तिकडे जाण्याची गरज नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात या आजारांवर उपचार होतात. एखादा तरुण जगण्याचा कंटाळा आला असे म्हणाला, सारखा निरोपाचे बोलू लागला, तर मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले याने त्याला सुटल्यासारखे वाटते, हे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये आणि दवाखान्यात न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आम्ही अभ्यासिकेच्या दारावर आणि स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे, कारण तिथे तो कोणी पाहत नसताना लिहून घेता येतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत आणि गल्लोगल्लीच्या क्लासपर्यंत ते प्रत्यक्षात पोचावेत, यासाठी पालकांनी विचारणा करत राहायला हवी.

पुण्याहून आलेला तो मुलगा माझ्याकडे सात महिने येत होता. त्याने ठरवलेली तारीख दिवाळीनंतरची होती. त्या तारखेला त्याने आईला समोर बसवून स्वतःच्या तोंडाने सांगितले, की आता मी परीक्षा देणार नाही, आणि पेटीतले लुगडे तिने भाच्याच्या लग्नात नेसावे. आई रडली, मग तिने लुगडे काढून उन्हात टाकले. पुस्तके त्याने आमच्या अभ्यासिकेला आणून दिली. आता तो शिरपूरच्या एका खासगी शिकवणीत राज्यशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळी शेती पाहतो. पुढच्या श्रावणात तो रोटांना घरी होता. चुलत्याने विचारलेच, आणि त्याने सांगितले, की नाही झालो साहेब. चुलत्याने त्याच्या ताटात रोटाचा आणखी एक तुकडा वाढला, असे तो मला सांगत होता.

त्याच वर्षीच्या अखाजीला मी माहेरी गेले होते. भावाचे आता बियाणे-खतांचे लहानसे दुकान आहे, दोन मुले आहेत, आणि सगळे बरे चालले आहे. रात्री आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्यांचे जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी त्याला विचारले, "शिक्षक व्हायचं राहिलं, ते तुला कसं गेलं रे?" हा प्रश्न मी त्याला पहिल्यांदाच विचारत होते. तो आधी म्हणाला, "ताई, आता काय त्याचं," आणि काही वेळाने म्हणाला, की दुकानाच्या परवान्याचा अर्ज भरताना व्यवसाय या रकान्याशी तो थांबला होता; इतकी वर्षे प्रत्येक अर्जात तो रकाना त्याने रिकामा सोडला होता, आणि त्या दिवशी त्यात अक्षरे लिहिताना त्याला हात जड झाल्यासारखे वाटले होते. मग तो बोलत राहिला. वर्गात शिकवण्यासाठी तेव्हा केलेली शैक्षणिक साधने, पुठ्ठ्याचे घड्याळ, मण्यांची पाटी, अजून माळ्यावर आहेत, हे मला त्या रात्री कळले. आई आतून पाणी घेऊन आली होती, ती तांब्या हातात धरून दारातच उभी राहिली, आणि थोड्या वेळाने आमच्याजवळ येऊन खाली बसली.